खुलासा : जुन्या गाडीच्या एसीत नुसता नवा गॅस भरून भागत नाही
सोलापुरात ऊन तापलं की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो : जुन्या कॉन्टेसा गाडीच्या एसीत आर-१३४ए हा नवा गॅस तसाच भरा, गार हवा येते. हे अर्धवट आहे. त्या काळातले एसी आर-१२ या जुन्या गॅसवर चालत. तो ओझोनला घातक, म्हणून २०१० पासून देशात बंद. पण खरी गोम तेलात आहे. कॉम्प्रेसरला (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला) वंगण देणारं जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुनं तेल काढून नव्या गॅसमध्ये मिसळणारं एस्टर ऑइल घालायचं, ड्रायर (आतली ओल शोषणारा भाग) बदलायचा, पंपाने आतली हवा आणि ओल खेचून व्हॅक्यूम करायचा. नवा गॅस आर-१२ च्या मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच. गॅस उतरला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधा. काही महाभाग घरगुती सिलिंडरचा गॅस भरतात. तो पेट घेतो!