'उंच डोंगरात राहायला तंबू आणि धडधाकट शरीर पुरते': एका दाव्याचा प्रतिवाद

उंच पर्वतातील मुक्कामाविषयी एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: सोयीसुविधांविना रानात राहायचे तर एक तंबू आणि धडधाकट शरीर पुरते, वाहते पाणी शुद्धच असते, थंडी वाजल्यास तंबू घट्ट बंद करून आत स्टोव्ह पेटवावा, वारा टाळण्यासाठी खोलगट जागा निवडावी, सरपण तिथेच मिळते आणि तंदुरुस्त माणसाला विरळ हवा बाधत नाही. साधेपणाची ही ओढ मला मनापासून मान्य आहे, आणि कमी ओझ्यात निभावणे हे कौशल्यच आहे. परंतु जिथे नळ नाही, भिंत नाही आणि दवाखानाही नाही, तिथे या सर्वांचे काम मुक्काम करणाऱ्यालाच करावे लागते. हा संदेश नेमके तेच काम अनावश्यक ठरवतो.

प्रथम पाणी. प्रवाहाच्या वरच्या अंगाला चरणारी जनावरे, वन्य प्राणी किंवा आधी राहून गेलेली माणसे यांच्या विष्ठेतून जिआर्डियासारखे परजीवी पाण्यात उतरतात, आणि तरीही ते पाणी नितळ दिसते व गोड लागते. या परजीवीचे दहाएक कोष, म्हणजे कवचातले सुप्त जंतू, पोटात गेले तरी लागण होऊ शकते. त्रास मात्र बहुधा एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतो, त्यामुळे 'आम्ही तेच पाणी प्यायलो, काही झाले नाही' ही परतल्याबरोबर दिलेली ग्वाही निरुपयोगी असते. उंचावर पाणी लवकर उकळते म्हणून उकळण्याचा उपयोग नाही, असेही काही जण सांगतात. तेही खरे नाही. 4000 मीटर उंचीवर पाणी सुमारे 87 अंश सेल्सिअसला उकळते आणि रोगजंतू मारण्यास तेवढी उष्णता पुरेशी असते. 2000 मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यानंतर ते तीन मिनिटे उकळत ठेवावे. केवळ क्लोरीनच्या गोळ्यांवर विसंबू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांना दाद देत नाही.

बंद तंबूत स्टोव्ह पेटवण्याचा सल्ला या संदेशातील सर्वांत घातक भाग आहे. हवा अपुरी पडली की इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची सुरुवातीची लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच असल्याने माणूस ती विरळ हवेच्या खात्यावर टाकतो आणि झोपी जातो. ती झोप अखेरची ठरू शकते. शिवाय तंबू पूर्ण बंद केला तर श्वासातील बाष्प आतल्या कापडावर साचून पांघरूण ओले होते. रात्रीची थंडी रोखायची ती जमिनीकडून: अंगाच्या भाराने स्लीपिंग बॅगचा खालचा थर दबतो आणि त्याची ऊब धरण्याची शक्ती बरीचशी जाते, म्हणून खाली जाड, उष्णतारोधक मॅट हवीच. तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि बाहेर तापवलेले पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ती पायांशी घ्यावी.

खोलगट जागेत वारा कमी लागतो हे खरे. पण निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून तिथेच साचते, आणि पाऊस आल्यास पाणीही तिथेच येते. म्हणून तळापासून थोडी वर, आडोशाची सपाटी शोधावी. याचा अर्थ डोंगराच्या धारेवर तंबू ठोकावा असा नव्हे, कारण विजेपासून तंबूचे कापड आणि काठ्या कोणतेही संरक्षण देत नाहीत.

सरपणाच्या दाव्याला दोनच वाक्ये पुरतील. वृक्षरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीनंतर झाडे वाढत नाहीत तिच्या, वर जी खुरटी झुडपे असतात ती अत्यंत सावकाश वाढतात, आणि एका संध्याकाळच्या शेकोटीत गेलेले झुडूप पुन्हा उभे राहायला दशके लागतात.

उरला तंदुरुस्तीचा दावा, आणि तो जितका पटण्याजोगा वाटतो तितकाच चुकीचा आहे. साधारण 2500 मीटरच्या वर कोणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, आणि त्याच्याशी शरीराचे जुळणे स्नायूंच्या ताकदीवर नव्हे, तर मिळालेल्या वेळेवर अवलंबून असते. उलट दणकट माणूस झपाझप चढतो आणि त्यामुळेच अडचणीत येतो. 3000 मीटरनंतर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा प्रस्थापित वैद्यकीय सल्ला आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपण्यास हरकत नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर असेल तर आणखी चढू नये. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही मेंदूला सूज आल्याची किंवा फुप्फुसांत पाणी साचल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रोग्याला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे, तंबू आणि सामान तिथेच सोडावे लागले तरीही.