टॉपिक नंतर बघा, आधी स्टायपेंड कुठून येणार ते विचारा

एम.ई. झालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पीएचडीला टॉपिक कोणता घेऊ? आमच्या मते प्रश्नच उलटा आहे. इंजिनिअरिंगमध्ये टॉपिक बहुतेकदा गाईडच्या प्रोजेक्टमधून निघतो आणि प्रोजेक्ट फंडिंगवर चालतो.

पुण्यात गल्लत होते ती इथेच. रिसर्च सेंटरच्या यादीत 'जागा रिकामी' दिसली की पोरं खूश. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. त्यातली एखादी जागा भरायची राहिलीय, एवढाच त्या यादीचा अर्थ. रजिस्ट्रेशन मिळेल, पैसे मिळतीलच असं नाही.

पुण्यातल्याच पाषाणचा हिशोब वेगळा. होमी भाभा रस्त्यावर एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) एकमेकांच्या शेजारात आहेत आणि तिथे बहुतेक जण फेलोशिप घेऊनच आत येतात. जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) पहिली २ वर्षं महिना ३७,०००, नंतर एसआरएफला (सीनिअर) ४२,०००, वर घरभाडं. एनसीएलला पीएचडी एसीएसआयआरमार्फत (सीएसआयआरच्या प्रयोगशाळांसाठी पदव्या देणारी अकादमी) होते, प्रवेश जानेवारी आणि ऑगस्टमध्ये. आणि एनसीएल म्हणजे फक्त केमिस्ट्री नव्हे. पॉलिमर आणि प्रोसेस इंजिनिअरिंगही तिथे आहे. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, तो वाया घालवू नका.

गाईड पारखायचा तर शोधगंगावर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) त्यांच्या शेवटच्या चार-पाच विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. रजिस्ट्रेशनचं साल आणि सबमिशनचं साल शेजारी-शेजारी लिहा. तीनचार जणांना सातआठ वर्षं लागली असतील तर तुम्हालाही लागतील, अपवाद होण्याच्या भरवशावर राहू नका. मग त्यांचे अलीकडचे पेपर घ्या आणि शेवटचे आभार वाचा. पैसे कोणत्या संस्थेचे, ते तिथे असतं. प्रोजेक्ट सहसा ३ वर्षांचा, पीएचडी ५ वर्षांची. उरलेल्या २ वर्षांचे पैसे कोण देणार, हे जॉइन होण्याआधी विचारायला लाजू नका. चांगला गाईड या प्रश्नावर चिडत नाही.

मेलचं बोलायचं तर 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग अँड पॅशनेट' अशी सुरुवात पन्नास जणांना एकदम गेलेली ओळखू येते. त्याऐवजी त्यांच्या एका पेपरातली एक आकृती धरा: तापमान वाढल्यावर कन्व्हर्जन खाली का येतं, आणि तुमच्या एम.ई.च्या सेटअपवर ते कसं तपासता येईल. सहा-सात ओळी आणि दोन पानी सीव्ही, बास. मार्कशीट मागितल्यावर.

जर्मनीत पीएचडीची जागा म्हणजे नोकरी: जाहिरात, पगार टीव्ही-एल ई१३ श्रेणीत (तिथल्या राज्यांची सरकारी वेतनश्रेणी). पुढे ५०% लिहिलं असेल तर पगार अर्धा. काम मात्र पुरतंच अंगावर येतं. अर्जाच्या मेलमध्ये जाहिरातीचा नंबर विषयातच टाका. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अर्ज डिपार्टमेंटला, तोही डिसेंबरात, त्यामुळे रेकमेंडेशनसाठी सरांना ऑक्टोबरातच गाठा.

मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारी पीएचडी योजना) जागांना वेगळीच मेख आहे. ज्या देशात जागा आहे तिथे नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेला माणूस चालत नाही. म्हणजे जर्मनीत नुकतं मास्टर्स केलेल्याला जर्मनीतली ती जागा बंद, पुण्यात बसून अर्ज करणाऱ्याला उघडी.