कॅरमबोर्डाएवढं छप्पर

पाणी घरात जिथे ठिबकतं, त्याच्या बरोबर वर ते शिरलेलं असेल असं समजू नये. फुटक्या कौलातून आत आलेला थेंब आधी रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या आडव्या पट्टीवर टेकतो, तिथून वाशावर उतरतो, वाशाच्या पोटाला धरून हात-दोन हात खाली सरकतो आणि मग घरातली सगळ्यात महागडी वस्तू हेरून उडी मारतो. आमच्याकडे त्याने सोफा पसंत केला.

"एवढुसा तर भाग आहे, उरकून टाका," असं सगळे म्हणाले. भाग खरंच कॅरमबोर्डाएवढा होता. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात, म्हणजे काम उणंपुरं 7-8 कौलांचं. खाली खुर्चीत बसून केलेला हा हिशेब अगदी बरोबर येतो.

अडचण अशी की कौलं एकमेकांत अडकलेली असतात. वरचं खालच्यावर चढलेलं, शेजारचं शेजारच्याच्या खाचेत बसलेलं. ही खाचांची युक्ती फ्रान्सच्या अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 सालची. पुढे 1865 मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कारखाना काढला आणि खाचांचं कौल आपल्याकडे आलं. शोध उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिलार्दोनी हे बंधू होते, म्हणजे किमान चार हात. मधलं फुटकं कौल काढायचं तर एका हाताने वरचं उचलायचं, दुसऱ्याने बाजूचं सैल करायचं आणि तिसऱ्याने फुटकं ओढायचं. चौथा हात छप्पर धरायला. मी एकुलता एक आहे.

मुळात वर पोचेपर्यंतच अर्धा जीव जातो. पाय ठेवायचा तो कौलाच्या खालच्या टोकाशी, जिथे एकावर एक कौल येतं आणि खाली रिपेचा आधार असतो. मधोमध ठेवला की कट्. दोन रिपांमध्ये साधारण 32 सेंटिमीटर अंतर असतं. ते कौलाच्या लांबीवरून ठरतं, चढणाऱ्याच्या गुडघ्यांना कोणी विचारत नाही. जाणते लोक आडवी फळी टाकून वजन वाटून देतात. मीही फळी टाकली होती. शेजारच्या मांजराने ती नीट हुंगून पाहिली आणि कुठेही काहीही न फोडता आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर जाऊन बसलं. तिथून त्याला माझं काम छान दिसत होतं.

आता फुटकं कौल शोधणं. मोठा तुकडा उडालेला असेल तर प्रश्न नाही, पण केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, तो ऐकावा लागतो. बोटाच्या पेराने टिचकी मारली की धडधाकट कौल खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द बोलतं. मी कान लावून एकेक वाजवत होतो, तेवढ्यात आतून आमच्या हिने केरसुणीच्या दांड्याने ठोकलं.

"अहो, इथे!"

"इथे म्हणजे कुठे?"

"सोफ्याच्या वर!"

छपरावरून सोफा दिसत नाही, हे तिला पटवायला बराच वेळ लागला. शेवटी तिने खालून ठोकायचं, मी वरून ठोकायचं, असं ठरलं. दोन्ही ठोके एका जागी आले तेव्हा वर्षानुवर्षांची धूळ बरोबर तिच्या डोळ्यांत गेली आणि आमचा संवाद काही काळ एकतर्फी झाला.

संवादातली तिची जागा काकांनी घेतली. काका म्हणजे शेजारचे; कुंपणापाशी हात मागे बांधून उभे होते. "सिमेंट थापून टाका रे! काढताय कशाला?" सिमेंटचा सल्ला देणारा माणूस प्रत्येक छपराखाली उभा असतोच. उन्हातान्हात माती आणि सिमेंट सारखं फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे थापलेलं सुटतं आणि भेगेत पाणी धरून ठेवतं. शिवाय पुढच्या वेळी एक कौल काढायला गेलं की चिकटलेली चार निघतात. हे सगळं मी वरून ओरडून सांगितलं. "मग डांबर लावा," काका म्हणाले.

नव्या कौलांची वेगळीच तऱ्हा. दिसायला तीच, पण साचा निराळा. खाच जराशी चुकते आणि कौल दोन बोटं अधांतरी राहतं. आमच्याकडे जुन्या साच्याची काही भिंतीला टेकवून ठेवलेली होती, त्यांवर वर्षानुवर्षं कुंड्या नांदत होत्या. कुंड्या हलवण्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. पण तीच कौलं खट्कन बसली. खाचांमधला पाचोळाही काढला, कारण खाच तुंबली की धड कौलावरूनही पाणी आडवं वाहून आत शिरतं.

मग परीक्षा. पाणी ओतायचं ते खालच्या ओळीपासून, हळूहळू वर सरकत. आधीच आढ्यावरून ओतलं तर कुठली ओळ गळते ते कळत नाही. मी तांब्याने ओतत होतो, ही आत सोफ्यावर उताणी पडून वाशांकडे पाहत होती. "कोरडं," "कोरडं," असा पुकारा येत राहिला.

"एक कौल तिरकं दिसतंय हो," काका म्हणाले.

मी नजर फिरवली. आमची ओळ सरळ होती. पण एवढ्या उंचीवरून काकांचंही छप्पर छान दिसतं. त्यांच्या आढ्याखालची तीन कौलं घसरून वळचणीच्या वाटेला लागली होती. तसं मी त्यांना सांगितलं. काकांनी मागे बांधलेले हात प्रथमच सोडले.

"शिडी मिळेल का जरा?" त्यांनी विचारलं.

"न्या की. मी खाली उभा राहतो," मी म्हणालो. "सिमेंट आणू?"