काइनेक्टबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: 'काइनेक्ट हे अंगाच्या हालचालींवर चालणारं जगातलं पहिलं गेमिंग उपकरण. मायक्रोसॉफ्टने ते एकट्याने बनवलं आणि 10 दिवसांत 80 लाख विकलं.' शनिवारी मीही तो शहानिशा न करता पुढे ढकलला होता. चूक माझी.

पहिलं म्हणाल तर सोनीचा आयटॉय हा कॅमेरा 2003 मध्ये आला होता, निन्टेंडोचा वी हा हातात रिमोट धरून खेळायचा गेमिंग संच 2006 मध्ये. हातात काहीच धरायचं नाही, हे आयटॉयमध्येही होतं; काइनेक्टचं वेगळेपण एवढंच, की ते समोरच्या गोष्टींचं अंतरही मोजतं.

'एकट्याने' हेही खरं नाही. हे अंतर मोजणारं तंत्र इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचं. उपकरण समोर इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी फेकतं, आणि ठिपके किती सरकले यावरून कॅमेरा अंतर काढतो. अंधाऱ्या खोलीत नाइट व्हिजन कॅमेऱ्यातून बघा, सोफा, पडदे, आपला शर्ट, सगळ्यावर रांगोळीसारखे ठिपके दिसतात! त्या चित्रातून कोपर कुठलं, गुडघा कुठला हे ओळखणारं सॉफ्टवेअर मात्र मायक्रोसॉफ्टचंच. त्यात त्यांच्या केंब्रिजच्या संशोधकांचा मोठा वाटा.

जून 2009 मध्ये 'प्रोजेक्ट नेटाल' नावाने घोषणा झाली, 4 नोव्हेंबर 2010 ला अमेरिकेत विक्री सुरू. 10 दिवसांत खपली ती 10 लाख. 80 लाखांचा आकडा पहिल्या 60 दिवसांचा, गिनीजच्या नोंदीतला. तोही काही कमी नाही म्हणा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.