इलेक्टिव्ह जरूर निवडा, फक्त मनाला लावून घेऊ नका

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला आमच्या एमबीएच्या वर्गाच्या ग्रुपवर कॉलेजचा मेसेज पडला. 'डिअर स्टुडंट्स, पुरेशा विद्यार्थिसंख्येअभावी ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन हे स्पेशलायझेशन यंदा चालवले जाणार नाही. संबंधित विद्यार्थ्यांना मार्केटिंगमध्ये सामावून घेण्यात आले आहे. ऑल द बेस्ट.' खाली लगेच अंगठ्यांची रांग. अंगठा देणाऱ्यांपैकी एकानेही ऑपरेशन्स घेतलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

तिकडे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या कॅप, अर्थात प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू आहेत. म्हणजे नवी बॅच येऊ घातलीय, डोळ्यांत स्वप्नं आणि हातात डोमिसाइल घेऊन. त्यांना कोणीतरी नीट मार्गदर्शन करायला हवं. सिनियर या नात्याने ती जबाबदारी मी घेते. एमबीएची दोन वर्षं कशी आखावीत, कुठलं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, घ्यावं, परदेशी सेमिस्टर कसं मिळवावं, इंटर्नशिप कशी निवडावी, सगळं सांगते. वही घ्या.

सुरुवात माहितीपत्रकापासून. त्यात मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स, बिझनेस ॲनालिटिक्स, इंटरनॅशनल बिझनेस, रुरल अँड ॲग्रिबिझनेस अशी भरगच्च यादी असते. ती फ्रेम करून घरी लावा. चालणार त्यातली तीनच, फार तर साडेतीन. बाकीची विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहेत, म्हणून पत्रकात आहेत. शिकवणारं कोण आहे असं कृपया विचारू नका. आमच्याकडे ऑपरेशन्स शिकवणारे सर कधीच सोडून गेलेत, पण वेबसाइटवरचा त्यांचा फोटो अजून हसतोय.

इलेक्टिव्हचा गूगल फॉर्म येईल, तो मन लावून भरा. पहिली पसंती, दुसरी पसंती, आणि 'हा विषय का घ्यावासा वाटतो, १५० शब्दांत लिहा'. मी लिहिलं होतं. आमचं घर संगमनेरकडचं, दारात दूध डेअरीची गाडी बघत वाढले. संकलन केंद्रावर कॅन उलटतात, बल्क कूलरमध्ये दूध चार अंशांवर आणायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. जनरेटर सुरू होईपर्यंत तिथल्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही. मला कोल्ड चेन, म्हणजे माल थंड ठेवून पोचवायची साखळी, शिकायची होती. अगदी तळमळून लिहिलं होतं सगळं. त्याऐवजी सुविचार लिहिला असता तरी चाललं असतं, कारण तो रकाना कोणी उघडतसुद्धा नाही. कमीत कमी किती मुलं असली म्हणजे विषय चालतो, तो आकडा फॉर्मवर नसतो. तो फॉर्म बंद झाल्यावर ठरतो.

बिझनेस ॲनालिटिक्स मिळालं तर नशीबवान आहात. एक्सेलमधलं व्हीलुकअप हे एकच सूत्र दोन सेमिस्टर पुरतं.

लिंक्डइनवर रोज 'थ्रिल्ड टू शेअर' लिहायला शिका, त्याला क्रेडिट नसलं तरी कॉलेजचा जीव त्यातच असतो.

आता परदेश. माहितीपत्रकाच्या मधल्या पानावर झेंडे असतात. तीन-चार देशांचे झेंडे म्हणजे तितके सामंजस्य करार. त्यातल्या कुठल्या करारावर आजवर कोण गेलंय, हा प्रश्न नवख्यांनी विचारायचा नसतो. तुम्हाला खरंच एक सेमिस्टर जर्मनीत काढायचंय? वा. फार सोपं आहे. तिसऱ्या सेमिस्टरला जायचं, म्हणजे तुमचं नाव तिकडे एप्रिल-मेपर्यंत जायला हवं. सोबत पहिल्या सेमिस्टरचे गुण हवेत. आपली सीईटी मार्च-एप्रिलमध्ये होते आणि कॅपच्या फेऱ्या संपता संपता गणपती येतात. मग पहिलं सेमिस्टर कोंबून उरकायचं, परीक्षा लांबणार, निकाल त्याहून लांबणार. पण तुम्ही नियोजन करणारे आहात ना, मग न लागलेल्या निकालाची प्रत जोडा की.

तिथलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं आणि वर्ग-परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपलं चौथं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं. दोन्हीकडे ७५ टक्के हजेरी कशी लावायची, ते स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटच्या पेपरात येत नाही. शिवाय याच महिन्यांत कॅम्पस प्लेसमेंट. 'परदेशी जाणाऱ्यांना प्लेसमेंटची हमी देता येणार नाही', असं हमीपत्र कॉलेज तुमच्याकडूनच लिहून घेतं.

पैशांचं म्हणाल तर तेही फार नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाची तजवीज दाखवायला बहुतेकजण ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं, उघडतात. त्याचा हिशोब महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४. आपल्या महिन्यांनी गुणा, रुपयांत करा आणि मग बाबांना फोन लावा. शक्यतो त्यांचं जेवण झाल्यावर.

आणि समजा गेलात, शिकलात, पास होऊन आलात. तिथलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला, आणि सेमिस्टरला अशी ३० क्रेडिट. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास. याचं त्यात रूपांतर कोणी करायचं? परीक्षा विभाग म्हणतो विभागप्रमुख, विभागप्रमुख म्हणतात विद्यापीठ, विद्यापीठाच्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी'. यूजीसीने २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे क्रेडिट साठवायच्या खात्याचे, नियम आणले, आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून आयडी काढले. बँक उघडलीय हो, पण आपलं क्रेडिट जमा कोण करणार ते ठरायचंय.

एवढ्या कटकटीपेक्षा कॉलेजची 'ग्लोबल इमर्शन' घ्या. आठवडाभर दुबई, फीखेरीज वेगळे सव्वा लाख, आणि वर सर्टिफिकेट. मैत्रीण जाऊन आली. जेबेल अली बंदर बघायला मिळणार म्हणून मी तिच्यावर जळत होते. बंदर त्यांना बसच्या खिडकीतून दिसलं, उजव्या बाजूला बसलेल्यांना. इंडस्ट्रियल व्हिजिट एका अत्तराच्या दुकानात झाली. डेझर्ट सफारी मात्र वेळेवर. सोबतच्या दोन प्राध्यापकांचा खर्च कुठून निघाला, असा कोता विचार करू नका, ग्लोबल व्हा.

बरं, आता इंटर्नशिप. खरं मार्गदर्शन इथेच लागतं.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की उन्हाळ्यात आठेक आठवडे समर इंटर्नशिप. तिचे गुण मार्कशीटवर येतात, म्हणजे सोडून द्यायची सोय नाही. मी आमच्या भागातल्या एका डेअरीत स्वतः बोलून आले होते. तिथले मॅनेजर म्हणाले, ये पोरी, संकलनाच्या गाड्यांचे मार्ग बसवून दे, आम्हालाही हवंच आहे. कॉलेजात सांगितलं तर उत्तर आलं, 'कंपनी आपल्या यादीत नाही. शिवाय तो ब्रँड नाही.' यादीत काय होतं? एक विमा कंपनी, एक ब्रोकर आणि एक ऑनलाइन कोर्स विकणारी कंपनी. तिघांचंही कामाचं स्वरूप एकच: 'मार्केट रिसर्च'.

तर विमा कंपनीच्या मार्केट रिसर्चचा पहिला दिवस असा असतो. तुम्ही इस्त्री केलेला फॉर्मल घालून जाता. एसी असतो, पाण्याची छोटी बाटली मिळते, बरं वाटतं. मग प्रत्येकाला एक कोरा तक्ता देतात. नाव, नातं, वय, मुलं किती, अंदाजे उत्पन्न. ओळी शंभर. फोन उघडा आणि ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा. मामा, मावशी, शाळेतल्या बाई, जिथे पेइंग गेस्ट राहता त्या काकू. हाच रिसर्च. याच्यासाठी आपण सीईटीला नव्व्याण्णव पर्सेंटाइलच्या मागे लागलो होतो.

स्टायपेंड 'परफॉर्मन्स बेस्ड'. पॉलिसी विकायला खरं तर विमा नियामक आयआरडीएआयची परीक्षा देऊन एजंट व्हावं लागतं. आपण कुठे एजंट, आपण तर इंटर्न. म्हणून आपण आणलेलं गिऱ्हाईक कुणा दुसऱ्याच्याच कोडवर चढतं, कमिशन त्याला जातं आणि आपल्याला मिळतं 'एक्स्पोजर'. ब्रोकरकडे गेलेल्यांनी डीमॅट उघडून आणली. आमच्या वर्गात आज असा एकही मुलगा नाही ज्याचं डीमॅट खातं नाही, आणि त्या खात्यांत एक शेअर नाही.

माझ्याकडून पॉलिसी घेतली ती आत्याने. तिला नाही म्हणता येईना. ती अंगणवाडीत आहे. पोरीचं शिक्षण अडतंय म्हटल्यावर तिने साठवलेले पैसे काढून दिले. हप्ता एकदाच भरायचा असं तिला वाटलं होतं. दहा वर्षं भरायचा होता. मी सांगितलं होतं, हो, मॅनेजरने शिकवलं होतं तसंच, 'छोटीशी कमिटमेंट' म्हणून. कागद घरी आल्यावर तिच्या मुलाने वाचले आणि ३० दिवसांच्या फ्री लुकच्या मुदतीत पॉलिसी परत केली. शहाणा आहे तो. मॅनेजरने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, ही तुमची कमिटमेंट? टार्गेटमधून वजा झालं, सर्टिफिकेट थांबलं. कॉलेजात गेले तर सर म्हणाले, 'कंपनीशी संबंध बिघडवू नका, पुढच्या बॅचचं नुकसान होईल.' पुढची बॅच म्हणजे तुम्ही! तुमच्या भल्यासाठी चाललंय हे सगळं, लक्षात ठेवा. शेवटी पॉलिसी बाबांनी घेतली. कॉलेजला फी भरली ती त्यांनीच, आणि त्या फीतल्या इंटर्नशिपचा कागद सुटावा म्हणून हप्ताही त्यांनीच भरला.

रिपोर्टचं नाव: 'पुणे शहरातील ग्राहकांच्या विमाविषयक दृष्टिकोनाचा अभ्यास'. नमुना १००. प्रश्नावल्या होस्टेलच्या गच्चीत एका संध्याकाळी भरल्या, चार रंगांची पेनं वापरून. काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची चाचणी लावली, निष्कर्ष सिग्निफिकंट आला. एक्स्टर्नल परीक्षक म्हणाले, 'गुड डेटा कलेक्शन.'

सरकारी योजनांच्या नादी लागू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिन्याला ५,००० रुपये ठरले, पण पात्रतेच्या अटींत एमबीएवाल्यांना वगळलं होतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० विद्यावेतन ठरलं, पण शिक्षण चालू असलं की अपात्र. म्हणजे सरकारच्या लेखी आपण इतके शिकलेले की मदत नको, आणि कंपनीच्या लेखी इतके कच्चे की पगार नको.

हे सगळं एकात एक कसं गुंतलंय बघा. ऑपरेशन्स का बंद केलं म्हणून मी परवा विचारायला गेले, तर सरांनी माझाच रिपोर्ट पुढे सरकवला. 'तुझी इंटर्नशिप मार्केटिंगमध्येच झालीय ना? मग मार्केटिंग तुला सूट होईल.' डेअरीत जाऊ दिलं नाही त्यांनी. विमा विकायला पाठवलं त्यांनी. आणि आता मी विमा विकला म्हणून मी मार्केटिंगची!

बास. इथे सल्ले संपले. मला नाही जमत आता हसत हसत लिहायला.

लाज वाटायला हवी हो थोडी. विषय चालवायचा नव्हता तर छापला कशाला? शिकवायला माणूस नाही हे ॲडमिशन देताना माहीत होतं, फी घेताना माहीत होतं, फॉर्म पाठवतानाही माहीत होतं. आणि कळवता कधी, तर रविवारी रात्री, म्हणजे केबिनबाहेर कोणी येऊन उभं राहायला नको. मुलांच्या नात्यागोत्यांची यादी कंपनीला मिळवून देता आणि त्याला इंडस्ट्री कनेक्ट म्हणता. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला तिच्या आत्यापुढे खोटं बोलायला लावणं हे कुठल्या कोर्स आउटकममध्ये बसतं? कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलीत हे कुठल्या निकषाखाली लावलंत?

आणि अंगठे देणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. आज माझा विषय गेला म्हणून तुम्हाला फरक पडला नाही. चौथ्या सेमिस्टरला फायनान्सचं तेच करतील, तेव्हा मी अंगठा देणार नाहीये, पण माझ्या एकटीच्या ओरडण्याने काही होणारही नाही. गच्चीवर शिव्या घालता आणि सरांसमोर 'येस सर'. पुरे झालं ते.

ज्युनियर्सनी कॅपच्या फॉर्ममध्ये कॉलेज टाकण्याआधी जाऊन विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं: गेल्या दोन बॅचना प्रत्यक्षात कुठली इलेक्टिव्ह चालवली, कोणी शिकवली, कमीत कमी मुलं किती लागतात. परदेशी कोण गेलं, त्यांची क्रेडिट मार्कशीटवर आली का. इंटर्नशिप स्वतः शोधली तर चालेल का. ऑफर लेटरमध्ये काम काय, स्टायपेंड किती, आणि विक्रीचं टार्गेट आहे की नाही. असेल तर त्याला विक्रीची नोकरी म्हणा आणि पगार मागा. 'ब्रोशरमध्ये सगळं आहे' म्हणाले तर ब्रोशरवर सही-शिक्का मागा. सर चिडतील. चिडले तर चिडू द्या.