जंप स्टार्टर ‘कशालाही लावा’ हा मेसेज चुकीचा

शिरूर-दौंडकडच्या ग्रुपांवर फिरतंय: छोटा लिथियम जंप स्टार्टर (बॅटरी उतरली की इंजिन चालू करायला लावतात तो पॅक) ट्रॅक्टर, पोकलेन कशालाही चालतो, सीटखालीच ठेवा.

ट्रॅक्टरपुरतं ठीक, बहुतेक १२ व्होल्टचेच असतात. पोकलेन आणि मोठ्या ट्रकमध्ये मात्र सहसा १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) असतात, म्हणजे २४ व्होल्ट. तिथे १२ व्होल्टचा स्टार्टर जोडला तर तो जळू शकतो. बॅटरीवर १२ छापलेलं असतं, फसायला होतं ते तिथेच! जोडणी बघा, नाहीतर मशीनच्या माहितीपुस्तकात व्होल्टेज दिलेलं असतंच.

सीटखाली तर नकोच. उन्हात तापलेली केबिन लिथियम सेलला घातक. आणि जोडताना जंप स्टार्टरचा काळा (मायनस) चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.