भर दुपारीच का नेता रे?

तिसरी दक्षिण सहल, तिसरी टूर कंपनी आणि तंजावरला पोहोचायची वेळ तीच. दुपारी एक! अरे बाबांनो, तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं साडेबाराच्या सुमारास बंद होतात, ती चारला उघडतात. मदुराईचं मीनाक्षी घ्या, नाहीतर हे बृहदीश्वर. कालपासून सुरू झालंय का हे? राजराज चोळानं १०१० साली पूर्ण केलेलं देऊळ, आणि आम्ही बघतो काय, तर गाभाऱ्याचं बंद दार! चपला बाहेर. मग तापलेल्या दगडी फरशीवर साठीचे काका-काकू कढईतल्या लाह्यांसारखे उडत सावली शोधतात. (मीही त्यातलाच.) याच देवळाच्या भिंतीवर इथल्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास कोरून घेतलाय. मराठीत! तंजावरात! तो दाखवायचं राहिलं बाजूला, टूर मॅनेजर घड्याळ बघत म्हणतो, "वीस मिनिटं, फोटो काढा, बसमध्ये या." सकाळचे गार दोन तास मात्र साड्यांच्या दुकानात. ते दुकान दुपारी उघडं नसतं वाटतं?